विषय: ईस्टरचे चार दिवस, माणसं दोन, किल्ली एक

मृणाल (ओफेनबाख, जर्मनी)
गुरुवार, १० एप्रिल २०२५, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय, उद्या सकाळची ड्यूटी आहे. माझ्या नवऱ्याचा, अमेयचा व्हिसा झाला. १८ तारखेला, गुड फ्रायडेच्या सकाळी तो उतरतोय आणि मंगळवारी २२ला परत जातोय. गादीचं अनघाताईंशी बोलून झालंय. अडलंय ते किल्लीपाशी.

माझ्याकडे एकच किल्ली आहे. खालच्या मोठ्या दाराला तीच लागते आणि वरच्या माझ्या खोलीलाही तीच. दुसरी किल्ली घरमालकीणबाई ऑक्टोबरमध्ये "सापडली की देते" म्हणाल्या होत्या, ते राहून गेलं. खालची बेल अजून बंदच आहे. शनिवार-रविवार दोन्ही रात्री मला नाइट आहे, रात्री ९ ते सकाळी ६.३०. किल्ली मी नेली तर तो पाय मोकळे करायला बाहेर पडला की बाहेरच राहणार, कारण दार ओढलं की लागतं आणि बाहेरची मूठ फिरत नाही. त्याच्याकडे ठेवली तर सकाळी सातला मी रस्त्यावर. आणि शुक्रवार, रविवार, सोमवार सगळं बंद.

ओफेनबाखमध्ये कुणी जादा किल्ली करून घेतली आहे का? किती दिवस लागतात?

मृणाल


सुहास (हानाऊ)
शुक्रवार, ११ एप्रिल, सकाळी ७.०५

मृणाल, काळजी करू नकोस. स्टेशनजवळ बूट दुरुस्त करणारे असतात, ते किल्ल्याही कापून देतात. दहा मिनिटांचं काम आहे. बावीस वर्षांत मी चारदा तरी करून घेतल्यात.

अमेयला आणायला कोण जातंय? शुक्रवारी मला सुट्टी आहे, गाडी घेऊन जातो. तू झोप काढ.


केदार
शुक्रवार, ११ एप्रिल, सकाळी ९.२०

सुहासदादा, साधी किल्ली असती तर झालं असतं. एकच किल्ली खालच्या आणि वरच्या दोन्ही दारांना लागते, म्हणजे अख्ख्या इमारतीची कुलपं एकमेकांत बांधलेली आहेत. तिला झिखरुंग्सकार्ट, म्हणजे सुरक्षा-कार्ड असतं आणि ते मालकाकडे. ते कार्ड दाखवल्याशिवाय अशी किल्ली करून देत नाहीत. मृणाल, किल्लीच्या डोक्यावर नंबर कोरलेला आहे का बघ, म्हणजे ती अशीच आहे का ते कळेल.

आणखी एक. या किल्ल्या हरवल्या तर मोठं लचांड असतं. किल्ली हरवली म्हणून सगळी कुलपं बदलण्याचे १,४६८ युरो एका भाडेकरूकडे मागितले होते आणि ते प्रकरण सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत, बीजीएचपर्यंत गेलं. ५ मार्च २०१४चा निकाल आहे. कुलपं प्रत्यक्षात बदललीच नव्हती, म्हणून तो भाडेकरू सुटला. बदलली असती तर सुटणं अवघड होतं. तेव्हा तुझ्या हाफ्टफ्लिश्टच्या, म्हणजे आपल्या हातून झालेलं दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या विम्यात हरवलेली किल्ली धरलेली आहे का, तेही एकदा वाचून घे. सगळ्या पॉलिसींत ती नसते.


प्राजक्ता
शुक्रवार, ११ एप्रिल, दुपारी १.१५

मृणाल, किल्लीतलं मला काही कळत नाही, पण अमेय पहिल्यांदाच येतोय ना? तूप, पेढे, खवा, काही म्हणजे काही आणू नको म्हणावं. युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्यांना दुधामांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, घरच्यापुरते थोडेसुद्धा नाही. माझ्या सासूबाईंनी पाठवलेला तुपाचा डबा कस्टमवाल्यांनी माझ्यासमोर बाजूला काढला. झाकणावर फडकं बांधलेलं, त्यावर शाईनं माझं नाव. त्यांना फोनवर काय सांगायचं ते मला सुचेना. मसाले, पापड, लाडू आणू दे, पण लाडू तुपातले नकोत.


नीलेश
शुक्रवार, ११ एप्रिल, संध्याकाळी ६.३०

मी स्वतः एक फ्लॅट भाड्यानं दिलाय, म्हणून त्या बाजूनं सांगतो. मालकीणबाईंना न विचारता किल्ली करायचा विचारही करू नका. आणि त्यांना नवरा येतोय हे सांगितलंय का? चार रात्री माणूस राहणार, करारात काय आहे ते पाहिलं का? नंतर कटकट नको.


केदार
शुक्रवार, ११ एप्रिल, संध्याकाळी ६.५०

नीलेश, पाहुण्याला परवानगी लागत नाही. भेटायला आलेला माणूस काही आठवडे राहिला तरी मालक अडवू शकत नाही, आणि हा तर नवरा आहे. शहराच्या कचेरीत नोंदणीही नको, परदेशात राहणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत ती माफ आहे. करारात "रात्री पाहुणे नकोत" असं लिहिलं असलं तरी ते टिकत नाही.


नीलेश
शुक्रवार, ११ एप्रिल, संध्याकाळी ७.१०

हक्क आहे, हे मला मान्य आहे. पण जिच्याकडे किल्ली मागायला जायचंय तिला हक्क सांगून किल्ली मिळत नाही. माझ्या भाडेकरूनं मला आधी दोन ओळी लिहिल्या असत्या तर मी स्वतः किल्ली नेऊन दिली असती. त्यानं परस्पर कुलपातला सिलिंडर बदलला आणि पाण्याचा पाइप फुटला तेव्हा आम्हाला आत जाता येईना. मृणाल, सांगून ठेव.


अनघा (सचिव)
शुक्रवार, ११ एप्रिल, रात्री ९.००

सर्वांना विनंती, मूळ प्रश्नावर राहू या. २६ तारखेच्या बैठकीचा मेल यात खाली गेला, कृपया त्याला वेगळं उत्तर द्या.

गादी मंडळाची आहे, गणपतीतल्या पाहुण्या कलाकारांसाठी घेतलेली. नेणाऱ्यानं वहीत सही करायची हे मार्चमध्येच ठरलंय, मृणालनं ते केलंय, धन्यवाद. पाडव्याला सभागृहाच्या कपाटाची किल्ली ज्यांनी नेली त्यांनी ती अजून दिलेली नाही. किल्लीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते.


मेघना
शनिवार, १२ एप्रिल, सकाळी ८.१०

मृणाल, तू त्या नाइट बदलून का घेत नाहीस? आठ महिन्यांनी नवरा येतोय! आमच्या वॉर्डात अशा वेळी कुणी ना कुणी घेतंच.


मृणाल
शनिवार, १२ एप्रिल, रात्री १०.३०

सगळ्यांना एकत्र उत्तर देते.

मेघना, अगं, बदलूनच या दोन नाइट आल्यात. शुक्रवार आणि सोमवार मला हवे होते, दोन्ही सुट्टीचे दिवस. ज्या बाईंनी ते घेतले त्यांची मुलं लहान आहेत, ईस्टरच्या रविवारी सकाळी त्यांना मुलांबरोबर बागेत अंडी शोधायची आहेत. आणखी मागायला माझी जीभ वळणार नाही.

सुहासदादा, मनापासून आभार, पण विमानतळावर मीच जाणार. एस ८ ही लोकल थेट ओफेनबाखला येते, गाडी बदलावी लागत नाही. तेवढा अर्धा तास मला त्याच्या शेजारी बसायचंय.

केदार, नंबर आहे.

आणि ज्यांनी फोनवर विचारलं की "त्यानं सकाळी उठून दार उघडलं की झालं, एवढं काय?" त्यांना सांगते. नाइट करून आले की मी दोनपर्यंत झोपते. तेवढा वेळ त्यानं एका खोलीत माझ्या उशाशी गप्प बसून काढावा, खोकलासुद्धा दाबून, हे मला नको आहे. त्यानं उठावं, माइन नदीच्या काठानं चालून यावं, मला न उठवता परत आत यावं. मी जिथे राहते ते गाव त्यानं एकट्यानं पाहावं. फोनवर त्याला मी फक्त खिडकीतून दिसणारा रस्ता दाखवलाय. त्याच्या खिशात किल्ली असली तर ते चार दिवस तो माझ्या घरी राहायला आला असं होईल. नाहीतर तो भेटीच्या वेळेत आलेला माणूस होतो. तशी माणसं मी रोज वॉर्डात बघते, कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर अंगातला कोटही न काढता बसलेली.

सोमवारी बाईंना विचारते. त्या गुरुवारी लेकीकडे जाणार आहेत.


विद्याकाकू
रविवार, १३ एप्रिल, सकाळी ११.००

मृणाल बाळा, तुझा मेल यांना वाचून दाखवला. तू बरोबर बोललीस.

आता एक लक्षात ठेव, हे कुणीच लिहिलं नाही. दुसरी किल्ली मिळाली तरी अमेयरावांना सांग, आतून किल्ली कुलपात ठेवायची नाही. आतून किल्ली असली की बाहेरची किल्ली आत जातच नाही, गेली तरी फिरत नाही. काही कुलपं दोन्ही बाजूंनी उघडणारी असतात, पण जुन्या घरांत नसतात. १९९६ साली मी कामावरून आले, हे आत तापानं झोपलेले, किल्ली आतून लावलेली. थोरला पोटात होता. जिन्यात बसून मी दारावर थापा मारत होते. वरच्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या आणि माझ्याशेजारी बसून राहिल्या. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना. दाराशेजारी खिळा ठोक आणि किल्ली त्यालाच लावायची.

खालचं दार रात्री दहाला कुलूपबंद करतात का तुमच्याकडे? आमच्याकडे करायचे.


केदार
रविवार, १३ एप्रिल, दुपारी १२.२०

काकू, खालच्या दाराबद्दल: फ्रँकफुर्टच्या लांडगेरिश्टनं, म्हणजे जिल्हा न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलंय की रहिवाशांनी ठराव केला तरी रात्री दार असं बंद करता येत नाही. आग लागली तर किल्ली नसलेला माणूस आत अडकतो.


सुहास (हानाऊ)
रविवार, १३ एप्रिल, दुपारी ४.००

विद्याताईंचं अगदी खरं. आणि बाहेर अडकलातच तर सुट्टीच्या दिवशी इंटरनेटवर पहिला दिसेल त्या किल्लीवाल्याला बोलावू नका. २०११च्या नाताळात आम्ही दोन मुलांसह बाहेर अडकलो. दार नुसतं ओढलं गेलं होतं, कुलूप लावलेलं नव्हतं. त्यानं येऊन थेट सिलिंडर ड्रिलनं फोडला, नवीन बसवला आणि ३४० युरो रोख मागितले. पोरं थंडीत कुडकुडत होती, मी देऊन टाकले. नुसतं ओढलेलं दार जाणता माणूस काही न फोडता उघडतो, हे नंतर फरब्राउखरत्सेंट्रालच्या, म्हणजे ग्राहक सल्ला केंद्राच्या बाईंनी सांगितलं. फोनवरच एकूण किती होतील ते येण्याच्या खर्चासकट ठरवून घ्यायचं, गावातलाच माणूस बघायचा. धमकावायला लागला तर ११०, पोलिसांना.

मृणाल, माझा नंबर अमेयकडे देऊन ठेव. हानाऊहून मी वीस मिनिटांत पोचतो.


मृणाल
मंगळवार, १५ एप्रिल, संध्याकाळी ५.४५

मिळाली!

नीलेशदादा, तुम्ही म्हणालात तसं केलं. सोमवारी दोन ओळी लिहून त्यांच्या पेटीत टाकल्या: नवरा येतोय, नाव अमुक, या तारखा, दुसरी किल्ली मिळेल का. आज कामावरून आले तर त्या जिन्यात वाट बघत होत्या. किल्ली कागदाच्या पाकिटात, वर नंबर आणि "२२ एप्रिलपर्यंत" लिहिलेलं. त्यांनी माझी सही घेतली. मग विचारलं, तो कॉफी पितो की चहा. बेलचं ईस्टरनंतर बघते म्हणाल्या.


मृणाल
मंगळवार, २२ एप्रिल, दुपारी ३.१०

अमेय गेला. विमानतळावरून आत्ताच आले.

काकू, तुम्ही सांगितलं होतं, मी त्याला सांगितलंही होतं. तरी रविवारी सकाळी सात वाजता माझी किल्ली अर्ध्यातच अडली. घरी कडी लावायची सवय, त्यानं रात्री आतून दोनदा फिरवून तशीच ठेवली होती. फोन सायलेंटवर. शेजारी झोपलेले, ईस्टरची सकाळ, दार वाजवायला हात होईना. मी हळूच बोटाच्या टोकानं टकटक केली आणि पायरीवर बसले. पंधरा-वीस मिनिटांनी आत पाण्याचा आवाज आला, मग परत टकटक केली. दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात टूथब्रश होता आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मी त्याला काही बोलले नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या घराचं दार आतून कुणीतरी उघडलं होतं.

रविवारी रात्री निघण्याआधी आम्ही दोघांनी मिळून खिळा ठोकला. सोमवारी पहाटे माझी किल्ली पहिल्या फटक्यात फिरली. मी झोपल्यावर तो नदीवर जाऊन आला, कधी गेला, कधी आला मला कळलं नाही. टेबलावर काठावरचे दोन चपटे दगड ठेवलेले होते.

दुसरी किल्ली पाकिटात घालून बाईंना दिली. त्यांनी ती घेतली आणि परत माझ्याच हातात ठेवली. म्हणाल्या, तुझ्याकडेच राहू दे, तो परत येईल ना. सहीच्या कागदावरची तारीख त्यांनी पेनानं खोडली.

गादी शनिवारी आणून देते, बैठकीच्या आधी.


अनघा (सचिव)
मंगळवार, २२ एप्रिल, संध्याकाळी ७.३०

मृणाल, वाचून बरं वाटलं. गादी साडेपाचपर्यंत आण, सहाला सभागृह बैठकीसाठी लागेल. पंपही बरोबर आण, तो गादीच्याच पिशवीत होता. कपाटाची किल्ली अजून आलेली नाही.