गणपतीत बाटलीबंद पाणी कशाला? पिंपात नळाचं ठेवूया

भांडुपकर
परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं, यंदाही आरतीला येणाऱ्यांना २०० मिलीच्या बाटल्या द्यायच्या. विरोधात मी एकटाच होतो. गेल्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मंडपामागची पोती आवरायला मी आणि वॉचमन बसलो. बहुतेक बाटल्या दोन घोट पिऊन टाकलेल्या. एकेकीचं झाकण फिरवून पाणी गटारात ओतता ओतता दुपार झाली, बोटं सुरकुतली. फार वाईट वाटलं.

मुंबईला पाणी देणारा विहार तलाव १८६० चा, तानसा १८९२ चा. पुढे वैतरणा, भातसा. शंभरेक किलोमीटरवरून पाणी येतं, आमच्या भांडुपलाच शुद्ध होतं आणि सोसायटीला हजार लिटरमागे दहा रुपयेही पडत नाहीत. मग बाटलीतल्या पाण्याला त्याच्या कितीतरी पट पैसे का मोजायचे? तोटीचं पिंप ठेवू, स्टीलचे पेले ठेवू, ज्याने त्याने घरची बाटली आणावी.

मानखुर्दची ताई
दादा, भांडुपहून पाणी चांगलं निघतं, त्यावर माझा वाद नाही. आमच्या गल्लीत पोचेपर्यंत त्याचं काय होतं ते बघा. पाणी येतं ते ठरावीक वेळेला. एरवी पाइप रिकामा, आणि तो गेलाय गटारातून. दाब गेला की फटीतून घाण आत शिरते. पहाटे पहिल्या दोन बादल्या आम्ही वास जाईपर्यंत मोरीत ओततो. मागच्या पावसाळ्यात माझ्या मुलाला कावीळ झाली, तीन आठवडे शाळा बुडाली. तेव्हापासून वीस लिटरचा जार लावलाय. तो हौसेने नाही लावला. आधी आमची लाइन बदलून द्या, मग नळाचं प्या म्हणा.

दादर पश्चिम
ताई, कावीळ वाईटच. पण जारवर सील असतं का? अन्न सुरक्षेचा परवाना नंबर? आमच्या ऑफिसच्या जारवर यातलं काहीच नव्हतं, विचारलं तर पोऱ्या म्हणाला, बोअरचं आहे. २०२४ च्या अखेरीस अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बाटलीबंद पाणी जास्त जोखमीच्या पदार्थांत टाकलं, ते उगाच नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना बाटलीतल्या एका लिटर पाण्यात सरासरी दोन लाख चाळीस हजार प्लास्टिकचे कण सापडले. त्यापेक्षा नळाचं गाळून, उकळून घ्या. पावसाळ्यात पालिकाही तेच सांगते.

मानखुर्दची ताई
उकळायला गॅस लागतो हो. पाच माणसांचं पिण्याचं पाणी रोज उकळून बघा, सिलिंडर किती दिवस पुरतो ते कळेल. जारचं तुमचं खरं आहे, सील मी आता बघून घेईन. पण तुमच्याकडे निदान पर्याय आहेत.

शहापूरवाला
मी बाटलीच्याही बाजूने नाही आणि नळाचं कौतुकही मला ऐकवत नाही. भातसा, तानसा आमच्या तालुक्यात. उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो, माझी आजी हंडा घेऊन रांगेत बसते. बाटलीतलं गटारात गेलं काय किंवा फुटक्या पाइपातून वाहिलं काय, आम्हाला दोन्ही सारखंच टोचतं. मुंबईकरांनी आधी गळती बंद करायला भांडावं.

भांडुपकर
हे मनाला लागलं. ताई, तुमच्या गल्लीला मी जार सोडा म्हणणार नाही, ते माझं चुकलंच असतं. पण आमच्या इमारतीत टाकी आहे, घरोघरी फिल्टर आहेत, तिथे बाटल्यांना काही कारण उरत नाही. रविवारी पुन्हा विषय काढतो. गणपतीआधी टाकी धुऊन घ्यायची आणि पाण्याचा नमुना तपासायला द्यायचा, हेही मांडतो.

मानखुर्दची ताई
मांडा. आमच्याकडे लाइन बदलेपर्यंत जारच राहील. पिंप ठेवाल तर घट्ट झाकणाचं ठेवा, कुणाला पेला आत बुडवू देऊ नका. रोज रात्री उरलेलं पाणी झाडांना घाला, पिंप घासून उपडं ठेवा आणि सकाळी ताजं भरा. भरणारा माणूसही एकच ठेवा, हात धुतलेला.