शब्दचर्चा : अमालेक (आणि त्याला 'कट्टर शत्रू' म्हणून का भागत नाही)

एकांनी विचारलंय की इस्रायलचे नेते नेतान्याहू यांच्या भाषणातल्या 'अमालेक'ला (बायबलमधलं इस्राएलींचं एक जुनं शत्रू-कूळ) मराठीत काय म्हणायचं, 'कट्टर शत्रू' चालेल का, आणि त्यावर दुसऱ्यांनी सुचवलंय की सरळ 'असुर' म्हणा, आपल्या लोकांना पटकन कळेल. मला दोन्ही पटत नाहीत. शब्द आहे तसा ठेवावा असं माझं म्हणणं आहे, आणि का ते नीट सांगायचं तर जरा लांबण लागेल, कारण या एका शब्दावर ज्यू परंपरेने दोन हजार वर्षं विचार केलाय आणि आजच्या राजकारणात त्यातलं फक्त टोक वापरलं जातं.

मूळ गोष्ट बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात आहे. इजिप्तमधून सुटून आलेले इस्राएली रफीदीमला असताना अमालेक लोक त्यांच्यावर चालून आले, यहोशवा लढला, त्यांचा पुढारी मोशे टेकडीवर हात वर करून उभा राहिला आणि हात खाली आले की लढाई फिरायची म्हणून अहरोन आणि हूर यांनी त्याचे हात धरून ठेवले. पण आज जे वाक्य उद्धृत होतं ते इथलं नाही, ते बायबलच्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायातलं, श्लोक १७ ते १९. तिथे म्हटलंय की वाटेत अमालेकने तुझं काय केलं ते आठव, तू थकलाभागलेला असताना मागे रेंगाळलेल्या अशक्तांना त्याने गाठून मारलं. इथलं हिब्रू क्रियापद 'झानाव' म्हणजे शेपूट या शब्दावरून आलंय, म्हणजे तांड्याचं शेपूट छाटलं असा अर्थ. लढणाऱ्यांवर हल्ला नाही, म्हातारे, आजारी, दमलेले यांच्यावर. अमालेक या शब्दात जो राग भरलाय तो इथून येतो आणि 'कट्टर शत्रू'मध्ये तो अजिबात येत नाही, कारण कट्टर शत्रू समोरासमोर लढणाराही असू शकतो.

पुढे त्याच तीन श्लोकांत आज्ञा आहे की अमालेकची आठवण आकाशाखालून पुसून टाक, आणि लगेच, विसरू नकोस. आता आठवण पुसायची आणि विसरायचंही नाही हे कसं जमायचं? आपल्याकडे 'नामशेष' शब्द आहे बघा, आपण तो पार संपलेला या अर्थाने वापरतो पण शब्दशः त्याचा अर्थ फक्त नाव उरलेला असा होतो. अमालेकला याच्याइतकं चपखल बसणारं मराठी विशेषण मला दुसरं सापडलं नाही. ते लोक इतिहासातून कधीच गेले, नाव मात्र दरवर्षी पुरीमच्या (पर्शियाच्या दरबारातल्या हामानच्या कटातून ज्यू वाचले त्याचा सण) आधीच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनाघरात) मोठ्याने वाचलं जातं, त्या शब्बाथलाच 'झाखोर' म्हणजे 'आठव' म्हणतात. धर्मग्रंथ लिहिणारे लेखनिक नवी लेखणी चालते का बघायला अमालेक लिहून त्यावर रेघ मारतात अशीही प्रथा आहे, म्हणजे पुसण्यासाठी आधी लिहायचं.

सगळ्यात जड भाग मात्र पहिल्या शमुवेलच्या १५व्या अध्यायात आहे. तिथे शौल राजाला आज्ञा होते की अमालेकचे पुरुष, बायका, तान्ही मुलं, गुरंढोरं सगळं मारून टाक. शौल त्यांचा राजा अगाग आणि चांगली गुरं वाचवतो आणि त्यापायी त्याचं राज्य जातं. हा उतारा वाचून अंगावर काटा येतो आणि तो आलाच पाहिजे. खुद्द तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, योमा या भागात शौल देवाशी वाद घालतो असं दाखवलंय, माणसांनी पाप केलं असेल पण जनावरांनी काय केलं, मोठ्यांनी पाप केलं असेल पण लहानांनी काय केलं? त्याला उत्तर मिळतं की जास्त धर्मशील होऊ नकोस. पण तो प्रश्न रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, लिहून ठेवला, गाळला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि मग त्यांनी या आज्ञेभोवती कुंपण घातलं. मिश्नात (तालमूदचा जुना गाभा) अम्मोनी या बायबलमधल्या दुसऱ्या एका लोकांबद्दल वाद आहे, तिथे रब्बी यहोशुआ म्हणतात की अश्शूरच्या सन्हेरीब राजाने येऊन सगळी राष्ट्रं एकमेकांत मिसळून टाकली, आता अम्मोनी कोण हे कुणी सांगू शकत नाही. नंतरच्या अनेक पंडितांनी हाच न्याय अमालेकला लावला, म्हणजे आज कुठल्याही जिवंत समाजाकडे बोट दाखवून हे अमालेक असं म्हणता येणार नाही. बाराव्या शतकात मायमोनिडीझ या मोठ्या ज्यू पंडिताने लिहिलं की युद्धाआधी तहाचा प्रस्ताव द्यायलाच हवा, आणि त्याच्या नियमांवरून ही सवलत अमालेकलाही आहे असं निघतं. तालमूद तर असंही सांगतं की हामानच्या वंशजांनी बेने ब्राक या गावात तोराचा, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचा, अभ्यास केला. हामान हा अगागी, म्हणजे त्या अगाग राजाच्या, अमालेकच्या वंशातला, आणि त्याचीच पोरं तोरा शिकतायत! हसिदी (ज्यूंमधला भक्तिमार्गी पंथ) लोक वेगळ्याच वाटेने जातात, हिब्रूत अक्षरांना आकडे असतात आणि 'अमालेक' आणि 'साफेक' म्हणजे शंका या दोन्हींची बेरीज २४० येते, म्हणून त्यांच्या मते खरा अमालेक माणसाच्या आतली शंका.

याच्या विरुद्ध बाजूही आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. रब्बी जोसेफ सोलोवैचिक यांनी १९५६ मध्ये, आपल्या घराण्यातल्या परंपरेच्या आधाराने, मांडलं की जे राष्ट्र ज्यूंना संपवायला निघेल त्याला अमालेकचं लेबल लागू शकतं, आधी नाझी होते आणि आता नासर (इजिप्तचे तेव्हाचे अध्यक्ष) आणि मुफ्ती (यरुशलेमचे मुस्लिम धर्मनेते) यांचे लोक. नाझी छळातून जेमतेम अकरा वर्षं झाली होती, त्या काळातली ती भीती समजते. पण यानंतर वंशाचं कुंपण उघडलं आणि शब्द पुन्हा जिवंत माणसांवर रोखता येऊ लागला. २५ फेब्रुवारी १९९४ ला, नेमका पुरीमच्या दिवशी, हेब्रॉनमध्ये बारूख गोल्डस्टाइनने नमाज पढणाऱ्या २९ पॅलेस्टिनींना गोळ्या घातल्या, तेव्हा उघड्या कुंपणाचा अर्थ काय होतो ते दिसलं.

आता भाषणांकडे. जानेवारी २०१० मध्ये आउश्विट्झला नेतान्याहू नाझी अमालेक आणि नवे अमालेक असं बोलले, रोख इराणकडे होता हे सगळ्यांना कळलं. ३ मार्च २०१५ ला अमेरिकी काँग्रेसमध्ये त्यांनी एस्तेरची (हामानचा कट मोडणारी पर्शियाची ज्यू राणी) गोष्ट काढून हामानला पर्शियन म्हटलं. पण एस्तेरचं पुस्तक हामानला अगागी म्हणतं, पर्शियन म्हणत नाही! पर्शियन राजाच तर शेवटी ज्यूंना स्वतःचा बचाव करायची मुभा देतो. आणि यशयाच्या ४५व्या अध्यायात पर्शियाच्या कोरेश राजाला देवाचा अभिषिक्त, म्हणजे मसीहा हा शब्द वापरलाय, त्याने ज्यूंना यरुशलेमला परत जाऊ दिलं म्हणून. म्हणजे शास्त्राच्या चष्म्यातून इराणकडे बघायचंच असेल तर हामान एकटा दिसत नाही, कोरेशही दिसतो. जून २०२५ च्या इराणवरच्या इस्रायली हल्ल्याचं नाव बायबलच्या 'गणना' या पुस्तकाच्या २३व्या अध्यायातल्या बलाम या द्रष्ट्याच्या भविष्यवाणीतून घेतलं, सिंहिणीसारखं उठणारं राष्ट्र, आणि पुढच्याच अध्यायात तोच बलाम म्हणतो की अमालेक राष्ट्रांमध्ये पहिला होता पण त्याचा शेवट नाश. ज्याला ग्रंथ पाठ आहे त्याला हे पुढचं आपोआप ऐकू येतं.

२८ ऑक्टोबर २०२३ चं वाक्य मात्र सगळ्यात गाजलं, अमालेकने तुझं काय केलं ते आठव असं आपला पवित्र ग्रंथ सांगतो, अशा अर्थाचं. ७ ऑक्टोबरला हमासने घरात झोपलेल्यांना, म्हाताऱ्यांना, नाचायला जमलेल्या तरुणांना मारलं, तांड्याचं शेपूट छाटणं हे तिथे लागू पडतं हे मी मान्य करतो. दक्षिण आफ्रिकेने २९ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय न्यायालयात इस्रायलवर वंशसंहाराचा आरोप करणारा अर्ज केला त्यात हे वाक्य शमुवेलच्या त्या उताऱ्याशी जोडून दाखवलं. इस्रायलच्या पंतप्रधान कार्यालयाचं उत्तर असं की उद्धृत केलेलं वाक्य अनुवादमधलं आहे, आठवणीचं आहे, आणि खुद्द हेगमधल्या, म्हणजे ते न्यायालय आहे त्याच शहरातल्या, ज्यूंच्या स्मारकावरही तेच कोरलंय. ते खरंही आहे. पण तीन श्लोकांतला पहिला म्हटला की तिसरा सोबत येतो, आणि न्यायालयात सैनिक 'अमालेकचं बीज पुसून टाकू' असं गात असलेला व्हिडिओही दाखवला गेला. स्मारकावर, मेलेल्यांसाठी ते वाक्य शोक असतं. हातात बंदूक असलेल्या पोराला युद्धाच्या तोंडावर तेच सांगितलं तर ती आज्ञा होते, आणि बोलणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

कुणी विचारेल की मग खऱ्या धोक्याबद्दल बोलायचं तरी कुठल्या शब्दात? परंपरेत त्यासाठी वेगळा शब्द आहे, 'रोदेफ', म्हणजे जीव घ्यायला मागे लागलेला माणूस. तुला मारायला येणाऱ्याला आधी उठून मार, हे तालमूदचं वाक्य त्याच विचारातलं. पण त्याला माप आहे, एखादा अवयव जखमी करून तो थांबणार असेल तर त्याला मारायची परवानगी नाही. इथे बघायचं ते कृत्य, कूळ नाही. हाही शब्द विकृत झालाय, १९९५ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या मारेकऱ्याने हाच आधार सांगितला होता, तरीही धोका मोजायला रोदेफ जवळचा आणि अमालेक लांबचा.

म्हणून 'असुर' अजिबात नको, त्याने माणसं माणसंच राहत नाहीत. 'अमालेक' लिहा, मराठी बायबलमध्ये 'अमालेकी' रूढ आहेच, आणि पहिल्या उल्लेखाला अर्धं वाक्य जोडा: बायबलमधले, मागे पडलेल्या दुबळ्यांवर हल्ला करणारे लोक, ज्यांची आठवण पुसण्याची आज्ञा आहे. एवढं पुरतं.

जाता जाता, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्राएल, म्हणजे आपले शनवार तेली, पुरीमला 'होळीचा सण' म्हणायचे. फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास येतो म्हणून असावं. पुरीमला एस्तेरचं पुस्तक वाचताना हामानच्या नावाला गोंगाट करतात त्याला अलिबाग-रेवदंडा-पेणकडे मराठीत काही खास शब्द होता का? कुणाच्या ओळखीत जुनी मंडळी असतील तर विचारून इथे नक्की लिहा.