टायमिंग चेन 'लाइफटाइम' म्हणे! कुणाचा लाइफटाइम?

तेलकट_हात: काल इथे एकाने ठणकावून लिहिलंय, टायमिंग चेन (पिस्टनला जोडलेला क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना एका तालात फिरवणारी इंजिनातली साखळी) लाइफटाइम असते, बदला म्हणणारा मेकॅनिक लुटारू. डोकंच फिरलं. अहो, कड्यांच्या पिना झिजतात, चेन लांबते, कॅमचं टायमिंग मागे पडतं. थंड इंजिन स्टार्ट केल्यावर एक-दोन सेकंद खडखड येते ना, ती चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरला तेलाचं प्रेशर मिळेपर्यंतची. मी ती वर्षभर कानाआड केली, मग पी००१६ कोड (क्रँक-कॅमचं टायमिंग जुळत नाही असा एरर), मग ऑइल पॅनमध्ये चेन ज्यावरून सरकते त्या गाईडच्या प्लास्टिकचे तुकडे.

शंकेखोर: पोस्ट माझीच. तुमची एक गाडी म्हणजे नियम नव्हे. माझी २ लाख ४० हजार किमी झाली, चेन मूळचीच. काही गाड्यांत चेनऐवजी रबरी टायमिंग बेल्ट असतो, त्याला बदलायचे किमी ठरलेले असतात, माझ्या मॅन्युअलमध्ये चेनचं नावही नाही.

तेलकट_हात: म्हणून झिजत नाही? ऑइल कधी बदलता ते सांगा आधी.

शंकेखोर: दर ५ हजारला.

जुना_क्लच: ५ हजार?? चांगलं सिंथेटिक ओतून देता? मॅन्युअल १५ हजार म्हणतं, कंपनीचे इंजिनिअर वेडे आहेत का?

तेलकट_हात: त्याच मॅन्युअलमध्ये खाली बारीक अक्षरात ट्रॅफिक, धूळ, छोट्या फेऱ्या असतील तर लवकर बदला असंही असतं, ते कुणी वाचत नाही. तेलातली काजळी पिनांत जाऊन घासते. शंकेखोरांची चेन टिकली ती तेल लवकर बदलल्यामुळे.

शंकेखोर: चला, काहीतरी बरोबर केलं म्हणायचं मी. धन्य झालो.

जुना_क्लच: १२ वर्षं मॅन्युअलप्रमाणे चालवतोय, काही झालं नाही. तेल विकता का तुम्ही?

तेलकट_हात: तोंड सांभाळून.

दहाचा_पाना: अहो विषय चेनचा होता. मी शहाणपणा करून नुसती चेन बदलली, टेन्शनर-गाईड जुनेच ठेवले, सहा महिन्यांत परत कव्हर उघडलं, परत सिलंट, परत क्रँकचा नवा बोल्ट. आणि बसवल्यावर लगेच स्टार्टर मारू नका, क्रँक हाताने दोनदा पूर्ण फिरवून मार्क जुळवा, कॅम तेव्हा एकदा फिरतो. कुठे अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असेल.

शंकेखोर: बरं बाबा, खडखड आली तर बदला, मान्य. पण आवाज नसताना, कोड नसताना बदला म्हणणारा लुटारूच.

तेलकट_हात: तसं मी कुठे म्हटलं? वर जाऊन वाचा.

जुना_क्लच: आणि ते ५ हजारचं काय ठरलं?