ई-चलानची लिंक: व्हायरसटोटलवर शून्य आलं, तरी उघडू नये का?

माळरान:
सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘तुमचे चलान थकले आहे’ असा मेसेज फिरतोय. त्यातल्या लिंकच्या पत्त्यात ‘परिवहन’ आहे, ‘गव्ह’ही आहे. व्हायरसटोटल ही साइट अनेक अँटिव्हायरस इंजिनांकडून लिंक तपासून घेते; तिथे एकाही इंजिनने बोट ठेवलं नाही. ब्राउझरच्या इन्कॉग्निटोमध्ये (खासगी विंडोत) उघडून बघू का?

पॅकेटवाला:
नको. इन्कॉग्निटोने फक्त तुमच्याकडची हिस्टरी राहत नाही. पान तेच उघडतं आणि फाइलही तीच उतरते.
मेसेज दाबून धरा, कॉपी करा, नोट्समध्ये चिकटवून पत्ता वाचा. ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधा. तिच्या लगेच आधी ‘परिवहन.गव्ह.इन’ हवं. तिथे ‘गव्ह-इन.टॉप’सारखं काही असेल, तर त्याआधी कितीही सरकारी शब्द असोत, डोमेन (साइटचं खरं नाव) भामट्याचंच. त्या टप्प्यात @ दिसलं, तर त्याच्या डावीकडचं सगळं नुसती सजावट.
शून्याचं म्हणाल तर डोमेन ताजं असलं की ते कुणाच्याच यादीत नसतं. व्हायरसटोटलवर नुसतं डोमेन शोधून ‘डिटेल्स’मध्ये त्याच्या नोंदणीची तारीख बघा. चार दिवसांपूर्वीची असेल तर विषय संपला. जुनी असेल तरी निर्धास्त होऊ नका, हॅक केलेल्या जुन्या साइट्सही वापरतात.

रात्रपाळी:
यूआरएलस्कॅन डॉट आयओ पान स्वतःच्या मशिनवर उघडून स्क्रीनशॉट आणि सगळे रीडायरेक्ट (लिंक पुढे कुठे कुठे वळवते ते) दाखवतं. मात्र स्कॅन ‘पब्लिक’ ठेवलात तर तो कुणालाही शोधून सापडतो. पासवर्ड रीसेटची किंवा खासगी कागदपत्रांची लिंक तिथे कधीच टाकू नका. पत्त्याच्या शेवटी लांबलचक कोड असेल तर तो तुमच्या नंबरशी जोडलेला असू शकतो; स्कॅन झाला की नंबर चालू आहे हे समोरच्याला कळतं.

माळरान:
स्क्रीनशॉट कोरा आला. आणि ग्रुपमधल्या एका काकांनी लिंकवरून उतरलेलं एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) आधीच इन्स्टॉल केलंय!

रात्रपाळी:
कोरा म्हणजे सुरक्षित नव्हे. अशी पानं बऱ्याचदा फक्त भारतीय आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आणि मोबाइल ब्राउझरलाच उघडतात. यूआरएलस्कॅनच्या ऑप्शन्समध्ये देश भारत आणि युजर एजंट (ब्राउझर साइटला सांगतो ती स्वतःची ओळख) अँड्रॉइडचा निवडून पुन्हा स्कॅन करा. पण आधी काकांचं बघा.

पॅकेटवाला:
काकांच्या फोनचा डेटा, वायफाय लगेच बंद करा, सिमही काढा. असं ॲप एसएमएसची परवानगी घेऊन ओटीपी परस्पर पुढे पाठवतं. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून नेटबँकिंग, यूपीआय थांबवा. आयकॉन लपवलेला असतो, म्हणून सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत शोधा. अनइन्स्टॉल होत नसेल तर सेटिंग्जमधून त्या ॲपचा ‘डिव्हाइस ॲडमिन’चा (फोनवरच्या जादा ताब्याचा) हक्क आधी काढा. तरीही फॅक्टरी रीसेट केलेलाच बरा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, नुसता मेसेज असेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षु’मध्ये तक्रार.