मदत हवी आहे: सागवानी सांगाड्याचं जुनं घर उतरवण्याआधी नोंद कशी करायची?

पाचखणी: घर उतरवायचं ठरलंय, सुतार बारा दिवसांनी येतोय. त्याआधी घराच्या बांधणीचा इतिहास लिहून ठेवायचाय. दोन मजले, पाच खण (खांबांच्या ओळींमधले गाळे), सागवानी खांब-तुळया, पांढऱ्या मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. दिंडी दरवाजाच्या चौकटीवर शके १७७१ कोरलंय, म्हणजे घर १८४९चं हे नक्की. सुरुवात कुठून करू? 'पाडू नका' सांगायला येऊ नका, ते ठरून गेलंय.

गुण्या: गाव कुठलं? गावठाणात की मळ्यात? लाकूड परत उभं करणार की विकणार? सगळं त्यावर आहे.

रावसाहेब: सातबारा काढा, सगळं कळेल.

मोडीवाचक: रावसाहेब, गावठाणातल्या घराला सातबारा कुठून येणार? सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका आणि चौकशी नोंदवही, नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीची नोंद). पण त्यांत मालकी आणि कर सापडेल, घर कधी बांधलं ते नाही. घरातली खरेदीखतं, वाटणीपत्रं काढा. चतुःसीमा आणि खण लिहिलेले असले तर कुठला भाग कधी होता ते कळतं. मोडी लिपीत असतील तर पाठपोट फोटो घ्या, शिक्क्यांसकट.

उथळं: 'नक्की' म्हणू नका. शक चौकटीचा आहे. चौकट दुसरीकडून आणूनही बसवतात. मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५चा, तेव्हा ही कौलं तरी १८४९ची नाहीत. कौल उलटं करा, पोटावर कारखान्याचं नाव असतं. मग रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) काढून वासे बघा. मंगलोरी कौलांना रिपा साधारण साडेबारा इंचांवर लागतात. त्या अंतरात न बसणारी खिळ्यांची जुनी भोकं दिसली तर वासे आधीचे, कौलं नंतरची. लोहाराने घडवलेल्या जुन्या खिळ्याचं भोक चौकोनी, नंतरच्या तारेच्या खिळ्याचं गोल.

काळवेळ: सरळ कार्बन चाचणी करा की. तुकडा पाठवला की वर्ष येतं.

उथळं: १६५० नंतरच्या लाकडाला ती कुचकामी. उत्तर दोन-तीनशे वर्षांच्या पट्ट्यात येतं.

पाचखणी: वाई तालुका, गावठाण. त्याच जागी परत उभं करणार, पण तीनच खण. आधी लिहायला हवं होतं.

गुण्या: मग उतरवण्याआधी प्रत्येक लाकडाला नंबर. खांबांच्या ओळींना क, ख, ग, आडव्या रांगांना १, २, ३. तुळईच्या दोन्ही टोकांना ती ज्या खांबावर बसते त्याचा नंबर, शिवाय वरची बाजू आणि उत्तरेचा बाण. खडू पावसात जातो, कागदी चिकटपट्टी उन्हात. पत्र्याचे बिल्ले पितळी स्क्रूने ठोका, नंतर झाकल्या जाणाऱ्या बाजूला. मोजताना टेपचं शून्य एकाच जागी ठेवून सलग वाचा, तुकड्यातुकड्याने मोजलं की चूक साठत जाते. दर खोलीचे दोन्ही कर्ण घ्या, नाहीतर कागदावर काटकोन येतो आणि घरात नसतो. नकाशा १:५०, सांधे १:५. खांबाला ओळंबा लावून कल किती, तेही लिहा.

थ्रीडी_नाना: टेप कशाला? मोबाइलवर लायडार (लेझरने मोजणारं स्कॅन), अर्ध्या तासात घर उभं.

गुण्या: स्कॅनला सांध्याच्या पोटातलं दिसतं का? जोड सुटेल तेव्हा मापं घ्यायला माणूसच हवा.

थ्रीडी_नाना: दोन्ही करा, भांडता कशाला.

उथळं: करा, पण रात्री बॅटरी तिरपी धरून खांब तपासा. छिन्नीच्या खुणा तशाच दिसतात. कशालाच न जुळणारी रिकामी खाच असेल तर ती तुळई आधी दुसरीकडे होती. चुन्याचे थर ब्लेडने पायरीपायरीने खरवडा. एका भिंतीवर सात आणि शेजारी तीन थर असतील तर दुसरी भिंत बहुधा नंतरची. लोखंडी पट्ट्या किंवा सिमेंट दिसलं तर ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपानंतरची दुरुस्ती का, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

वाळवीवैद्य: उतरवण्याआधी खांबांच्या बुडाला औषध मारलंत का?

मोडीवाचक: तो प्रश्नच नाहीये.

पाचखणी: वासे बघितले. भोकांच्या दोन ओळी आहेत, एक चौकोनी, एक गोल. पण मागच्या दोन खणांत फक्त गोलच.

उथळं: मग ते दोन खण नंतर जोडलेत असं दिसतंय. त्यांच्यामधल्या खांबांचे उथळे (खांबाखालचे दगड) सारखेच आहेत का?

रावसाहेब: उरलेल्या दोन खणांचं लाकूड विकायचं असेल तर घनफुटाचा भाव कळवा.