गणेशोत्सवातील बुद्धिबळ स्पर्धा : बाद पद्धत की स्विस?

सचिव, ए-१०१ : सर्व सभासदांना नमस्कार. गणेशोत्सवात या वर्षी बुद्धिबळ स्पर्धा घ्यावी अशी सूचना आली असून आजवर २४ नावे नोंदली गेली आहेत. स्पर्धा रविवारी दुपारी दोन ते सहा या वेळेत पार्किंगमध्ये घ्यावी आणि कॅरमप्रमाणेच बाद पद्धतीने खेळवावी, असा विचार आहे. हरकत असल्यास आज रात्रीपर्यंत कळवावे.

बी-३०४ : सचिव महोदय, माझी हरकत आहे आणि ती अनुभवातून आलेली आहे. गेल्या महिन्यात सांगलीतच झालेल्या एका हौशी जलद स्पर्धेत, वयाच्या ६१व्या वर्षी, मी पहिल्यांदा नाव दिले. पहिल्या फेरीत समोर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती. खुर्चीत बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, पण ज्या हाताने सोंगटी हलवायची त्याच हाताने घड्याळाचे बटण दाबायचे, ही शिस्त तिच्या अंगवळणी पडलेली होती आणि मला मात्र दोनदा आठवण करून द्यावी लागली. आठव्या-नवव्या चालीला मला किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे, म्हणजे कॅसलिंग) करायचा होता. घरी नेहमी करतो तसा मी आधी हत्ती उचलून राजाशेजारी ठेवला आणि मग राजाला हात घातला. मुलीने घड्याळ थांबवून हात वर केला. पंच आले आणि त्यांनी शांतपणे सांगितले की, किल्लेकोट करताना आधी राजालाच हात लावावा लागतो. पहिला स्पर्श हत्तीला झाला असल्याने चाल हत्तीचीच धरली जाईल. माझा राजा मधोमध उघडा राहिला आणि विसाव्या चालीच्या आसपास मी डाव सोडला. चाळीस वर्षे बुद्धिबळ खेळतो असे मी सगळ्यांना सांगत होतो!

बाद पद्धत असती तर माझी स्पर्धा तिथेच, डबा उघडण्याआधीच संपली असती. ती स्पर्धा स्विस पद्धतीची होती, म्हणून उरलेल्या पाचही फेऱ्या मला खेळता आल्या. भिंतीवर जोड्यांचा कागद लागला की त्यावर बोट फिरवत आपला पट क्रमांक शोधायचा आणि जाऊन बसायचे. दुसऱ्या फेरीत माझी गाठ माझ्यासारख्याच हरलेल्या, मिरजेहून आलेल्या एका गृहस्थांशी पडली आणि तो डाव मी जिंकला. सहा फेऱ्यांत अडीच गुण झाले. आपल्या २४ जणांपैकी १२ जण पहिल्या अर्ध्या तासात बाद होऊन वर घरी टीव्ही पाहायला गेले, तर पार्किंगमध्ये आपण नेमके काय साधणार आहोत?

बी-२०१ : काका, स्विस पद्धतीत जोड्या कशा लावतात, हे कृपया सांगावे. आणि इतक्या फेऱ्या चार तासांत बसतील का?

बी-३०४ : प्रत्येक फेरीनंतर शक्यतो समान गुण असलेल्यांची एकमेकांशी जोडी लागते, एकदा खेळलेले दोघे पुन्हा समोरासमोर येत नाहीत, आणि पांढरी-काळी मोहरी होता होईल तो आलटून पालटून मिळतात. २४ जणांना पाच फेऱ्या पुरतात. प्रत्येकी दहा मिनिटे आणि प्रत्येक चालीला पाच सेकंद वाढीव असा वेळ ठेवल्यास साठ चालींचा लांबलेला डावसुद्धा अर्ध्या तासात संपतो, म्हणजे खेळाचे अडीच तास आणि मधला वेळ जोड्या व चहा यांसाठी. दोघांचे गुण सारखे झाले, तर ज्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून जास्त गुण मिळवले असतील तो वरचा. याला बुकोल्झ म्हणतात आणि संगणक ते काढून देतो. अडचण घड्याळांची आहे, कारण १२ घड्याळे आपल्याकडे नाहीत. मोबाईलवरील घड्याळाचे ॲप चालेल, परंतु फोन फ्लाइट मोडवर हवा. अन्यथा ऐन शहाच्या वेळी कुणाच्या तरी मेहुण्याचा फोन यायचा.

ए-४०१ : मी ७८ वर्षांचा आहे. आमच्या वाड्यात देशी पद्धतीने खेळत असत. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई आणि प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची समजत. इतके सगळे नियम लावून सोसायटीतली मजा जाईल, असे मला वाटते.

बी-३०४ : आजोबा, आपले म्हणणे मी समजू शकतो, कारण मीही घरगुती नियमांवरच वाढलो. पण भांडणे तिथेच होतात. मुले शाळेत आंतरराष्ट्रीय नियम शिकतात, एखाद्या मुलाने दोन घरे पुढे आलेले आपले प्यादे शेजारून तिरके मारले, तर आपण म्हणणार, “असं कुठं असतंय?” आणि नियमाने तेच बरोबर असणार. शिवाय आपले गाव कोणते? इथे १९४१पासून नूतन बुद्धिबळ मंडळ आहे, भाऊसाहेब पडसलगीकरांनी इथे पिढ्यान्‌पिढ्या मुले पटावर बसवली, पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या ठरलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे इथल्याच आणि महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटेही इथल्याच. या गावातल्या सोसायटीने निदान नियमांचा एक कागद आदल्या दिवशी लिफ्टशेजारी लावावा, एवढेच माझे मागणे आहे. ‘हात लावला की चाल’ हा नियम मात्र सात वर्षांखालील मुलांना शिथिल करावा.

सी-१०२ : मुले आणि मोठी माणसे एकाच गटात खेळावीत, असे माझे मत आहे. माझी मुलगी बाबांना हरवते, त्यामुळे वेगळ्या गटाची तिला गरज नाही. मात्र पालकांना पटापासून दूर बसवावे. मागे उभे राहून खाकरणारे वडील मी मागच्या वर्षी कॅरमला पाहिले आहेत.

सचिव, ए-१०१ : बहुमत स्विसच्या बाजूने दिसते. पाच फेऱ्या, वर सुचवलेलाच वेळ, गट एकच. पालकांच्या खुर्च्या दुचाकींच्या रांगेपलीकडे. सर्वांनी आपली चारचाकी वाहने शनिवारी रात्रीच बाहेर काढावीत. आत्ताच सी-३०३ यांचे नाव आल्याने संख्या २५ झाली आहे.

बी-३०४ : विषम संख्या झाल्यास प्रत्येक फेरीत एकाला न खेळताच एक गुण द्यावा लागेल आणि तो अर्धा तास रिकामा बसेल. मी पंच व्हावे असे कुणी सुचवण्यापूर्वीच सांगतो, मला खेळायचे आहे.

सचिव, ए-१०१ : मग सव्विसावे नाव माझे लिहावे. घोडा अडीच घरे चालतो, एवढे मला माहीत आहे. पंचाचे काम बी-२०१ यांनी स्वीकारावे, लॅपटॉप त्यांच्याकडेच आहे.

ए-४०१ : माझे नाव कायम ठेवावे. किल्लेकोटाला आधी राजा, हे मी कागदावर लिहून चष्म्याच्या डबीत ठेवले आहे.

बी-३०४ : आजोबा, डाव सुरू असताना टिपण पाहता येत नाही.