नवं घर बांधताना पैसा आधी कशात: सोलर पॅनेलमध्ये की छताच्या उष्णतारोधात?

ओळंबा
वीज वाचवणारं घर म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "सोलर किती किलोवॅटचं?" माझं मत उलटं आहे. उन्हाचा प्रदेश असेल तर आधी छत. पॅनेल पाच वर्षांनीही चढवता येतं, उष्णतारोधक थर मात्र बांधतानाच पडलेला बरा. १२५ मिमीचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि तीच उष्णता रात्री खोलीत सोडत बसतो. झोपायच्या खोलीतला एसी चालतो तोही रात्रीच, आणि तेव्हा पॅनेल काहीच देत नाही. त्याच स्लॅबवर ५० मिमीचे एक्सपीएस (कडक फोमचे उष्णतारोधक) बोर्ड टाकले की छतातून आत येणारी उष्णता साधारण सहाव्या हिश्श्यावर येते. तेवढा रोध नुसत्या काँक्रीटने मिळवायचा तर स्लॅब दोन मीटरहून जाड लागेल! एसी लहान पुरतो, मग पॅनेलही कमी लागतात.

गिलावा
सहमत नाही. हिशोब बरोबर आहे, साइटवरचं काम तसं होत नाही. पॅनेल बिघडलं तर मीटरवर लगेच दिसतं. बोर्डाखालचं वॉटरप्रूफिंग फुटलं तर पाणी शिरतं एका कोपऱ्यात आणि ठिबकतं भलत्याच खोलीत. शोधायला अख्खी गच्ची उखडा. शिवाय उंच स्ट्रक्चरवरचे पॅनेल स्लॅबला सावलीही देतात.

ओळंबा
ही गळती क्रम चुकल्यामुळे होते. आधी १:१०० उताराचा कोबा, त्यावर वॉटरप्रूफिंग, मग ४८ तास पाणी साठवून चाचणी. खालून स्लॅब कोरडा दिसला तरच बोर्ड, वर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम कापड) आणि फरशी. अशाने वॉटरप्रूफिंगला थेट ऊन लागत नाही, ते रोजच्या आकुंचन-प्रसरणातून सुटतं. छताला आतून थर्माकोल चिकटवला तर स्लॅब आधीसारखाच तापत राहतो आणि तडे जायचे ते जातातच. पॅनेलची सावली खरी, पण ती पॅनेलपुरतीच.

थापी
पॅनेल उंचावर हवेत ते आणखी एका कारणासाठी. पॅनेलची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते, त्यापुढे दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. खालून वारा नसेल आणि पॅनेल ६५ अंशांवर गेलं, तर १२ ते १६ टक्के वीज तिथेच गेली.
पण दोघंही पश्चिमेची खिडकी विसरलात. संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, वरचा छज्जा त्याला अडवूच शकत नाही. बाहेरून उभ्या पट्ट्या किंवा झडप लावा. आतला पडदा ओढेपर्यंत ऊन काचेच्या आत आलेलं असतं, उष्णता खोलीतच राहते. दुहेरी काच घेऊनही थेट ऊन बरंचसं आत येतंच.

गिलावा
खिडकीबद्दल पूर्ण सहमत. फक्त फटी बुजवून घर घट्ट करताना स्वयंपाकघर आणि न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा हवाच, नाहीतर बाष्प थंड कोपऱ्यात साचून बुरशी धरते.
छताबद्दल माझं मत तेच. चाचणीचे ४८ तास जातीने पाहणारा माणूस असेल तर बोर्ड टाका. नसेल तर गच्चीला पांढरा परावर्तक रंग आणि वर पॅनेल. रंग मळतो, दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, पण त्याच्याखाली गळती लपून राहत नाही.